दुपारच्या कड्या

त्या इमारतीत सगळे त्यांना तोंडावर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘सोनारीण’. पाठीमागचं नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून आवडलेलंही होतं, पण तसं दाखवतील तर शपथ.

नाव उगाच पडलं नव्हतं. औषधं हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर काय करतात हे तपासणारी ती प्रयोगशाळा, आणि ताई तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. उंदराच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी बाहेर काढायची, तिच्यावरची चरबी बारीक कात्रीनं सोलायची, आतलं रक्त ओल्या टिपकागदावर हलकेच टिपून घ्यायचं आणि मग तिचे आडवे तुकडे करायचे. गोल, मध्ये पोकळ, करंगळीच्या नखावर मावतील एवढे. त्यांना तिथं कडी म्हणत. प्रत्येक कडीतून बारीक तारेचे दोन हूक ओवायचे आणि ती कोमट द्रावणानं भरलेल्या काचेच्या नळीत टांगायची. खालचा हूक पक्का, वरचा हूक ताण मोजणाऱ्या यंत्राला. कडी आवळली की पडद्यावरची रेघ वर जाते, सैलावली की खाली येते. सांगायला सोपं आहे. करायला बसलेली माणसं हात थरथरू नये म्हणून चहा सोडतात, आणि तरीही थरथरतात.

खरी गोम आहे आतल्या अस्तरात. रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं, आणि वाहिनीनं सैल व्हायचं की नाही हे बरंचसं तेच ठरवतं. हूक ओवताना जरा घासला, चिमटा जरा जास्त दाबला, की अस्तर गेलं. डोळ्यांना काही कळत नाही. कडी तशीच पांढुरकी, तशीच गोल. पण नळीत आधी आवळणारं औषध घातलं आणि मग सैलावणारं, की बिंग फुटतं. अस्तर शाबूत असेल तर वर गेलेली रेघ उतरते. नसेल तर ती वरच्या वर ताठ राहते, कुणाचं काही ऐकत नाही.

ताईंच्या रेघा उतरत. नोकरीतली पहिली काही वर्षं सोडली तर त्यांच्या हातची कडी वाया गेली असं कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या प्रयोगशाळांतली माणसं त्यांचं काम बघायला येत, मागे उभी राहत, आणि ताई मुद्दाम जरा जास्तच सहज हूक ओवत. एवढा तोरा माणसाला शोभतो.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर चष्मेवाला बसे. डॉक्टरेटसाठी धडपडणारा, तिशीतला, बायको-मुलीचा संसार सांभाळणारा, पुस्तकात पक्का आणि हातानं कच्चा. त्याच्या कड्यांची रेघ वर जाई आणि तिथंच मुक्काम ठोके.

“अरे, तुझा हात आहे की फावडं?” ताई विचारत.

“फावडंच आहे, ताई,” तो म्हणे. “घरात मला कपबशीला हात लावू देत नाहीत.”

त्याच्या त्या ताठ रेघा ताईंना इतक्या पाठ झाल्या होत्या, की दुरून पडद्याकडे बघून त्या ‘घासलीस पुन्हा’ म्हणत, आणि ते बरोबर असे.

त्या वर्षी प्रयोगशाळेत एका नव्या औषधाचं काम चाललं होतं. रक्तदाबानं ताठरलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा मऊ व्हाव्यात म्हणून मॅडमनी त्या औषधापायी आपली उमेदीची वर्षं घातली होती. मॅडम म्हणजे तिथल्या मुख्य संशोधक. कमी बोलणाऱ्या, चिडल्या तर आणखी कमी बोलणाऱ्या. औषध चारलेल्या उंदरांचा रक्तदाब छान उतरला होता. आता फक्त त्यांच्या रक्तवाहिन्या तपासायच्या होत्या: औषध न दिलेल्या उंदरांच्या कड्या आणि औषध दिलेल्या उंदरांच्या कड्या, दोन्ही ताईंच्या हातच्या.

औषध न दिलेल्या कड्या झकास सैलावल्या. औषध दिलेल्या सैलावल्या नाहीत.

एकदा झालं तर अपघात म्हणता येतो. इथं रोज तेच. सकाळी साध्या उंदरांच्या रेघा उतरायच्या आणि दुपारी औषधाच्या उंदरांच्या रेघा वर ताठ. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता: औषध रक्तदाब उतरवतं खरं, पण रक्तवाहिनीचं अस्तरच खाऊन टाकतं. असलं औषध माणसाला कोण देईल? सोमवारी समिती बसणार होती. काम पुढे न्यायचं की कायमचं थांबवायचं हे ती ठरवणार, आणि मॅडम स्वतःच ‘थांबवा’ म्हणायच्या तयारीत होत्या.

शुक्रवारी सकाळी ताईंनी भीत भीत विचारलं, “मॅडम, एखाद वेळी आमचंच काही चुकत असेल का?”

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. “दुसऱ्या कुणी कड्या लावल्या असत्या तर मी शंभर शंका काढल्या असत्या. तुमच्या हातची रेघ आहे, ताई. मी तिच्याशी भांडू शकत नाही.”

एरवी हे ऐकून ताई दिवसभर हवेत चालल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि मुकाट्यानं जागेवर जाऊन बसल्या.

आता हे खिशाचं सांगायला हवं. गेले काही महिने त्यांच्या उजव्या हाताची बोटं, अंगठा आणि शेजारची दोन, मुंग्या येऊन बधिर होत होती. सकाळी ठीक असत. चिमटा धरून दोन-तीन तास काम झालं की मुंग्या सुरू. मग मुंग्याही थांबत आणि बोटं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी वाटत. ताई मधेच उठून हात धुवायच्या निमित्तानं गरम पाण्याखाली धरत, झटकत, पुन्हा बसत. घरी एक पेला हातातून सुटला तेव्हा ‘साबण होता’ म्हणाल्या. ब्लाउजचा हूक लावताना आरशात बघावं लागे. डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत. डॉक्टर काय म्हणेल हे त्यांना ठाऊक होतं: हाताला आराम द्या. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, आणि आराम म्हणजे टेबल सोडणं. टेबल सोडलं तर आपण कोण, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी प्रश्नच खिशात घातला होता.

कड्या मात्र ठीक चालल्या होत्या, असं त्या धरून चालल्या होत्या. सकाळच्या रेघा उतरतच होत्या ना? आणि दुपारच्या उतरत नव्हत्या, तो औषधाचा दोष.

त्याच शुक्रवारी, दुपारचं काम उरकून ताई नळ्या धूत होत्या. जाता जाता त्यांची नजर चष्मेवाल्याच्या पडद्यावर गेली. रेघ वर गेलेली, ताठ, शेवटाला किंचित आणखी वर चढलेली. अस्तर पार घासून गेलं की रेघ अशी चढते.

“घासलीस पुन्हा,” ताई म्हणाल्या. “किती वेळा सांगितलं, हूक ओढू नकोस, सोड.”

चष्मेवाल्यानं मान वळवली. तो गोंधळला होता. “ताई, ही माझी नाही. तुमची आहे. आजची, दुपारची. मॅडमनी आकडे काढायला सांगितलेत.”

ताईंचा ओला हात पुसायचा राहिला. त्या रेघेकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “सकाळची दाखव.”

त्यानं दाखवली. सुरेख उतरलेली. खास त्यांच्या हातची.

“साधं आधी, औषध नंतर,” ताई पुटपुटल्या.

हा तिथला जुना नियम. ताईंना ज्या सरांनी शिकवलं, त्यांच्या काळी काचेच्या नळ्या मोजक्याच होत्या आणि औषधाचा अंश नळीला चिकटून राहील या भीतीनं साध्या कड्या नेहमी आधी लावायच्या, औषधाच्या नंतर. सर गेले, नळ्या भरपूर आल्या, औषध नळीत घालण्याऐवजी उंदरांना चारायला सुरुवात झाली, म्हणजे नियमाची गरजही संपली. नियम मात्र भिंतीतल्या खिळ्यासारखा तिथंच राहिला. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा हे पुस्तकात वाचलेली माणसंही ताईंना तसं सांगायला धजावली नाहीत. सोनारणीला कोण शिकवणार? मॅडमसुद्धा गप्प राहिल्या, आणि ही चूक मॅडमच्याही पदरात टाकायला हवी.

म्हणजे ताईंच्या ताज्या बोटांना मिळायच्या साध्या कड्या आणि बधिर बोटांना औषधाच्या. रोज. न चुकता.

की नाही? की औषधच वाईट आहे आणि आपण उगाच स्वतःला खातोय? ताईंना काही कळेना.

नवरा शिंपी. पुढच्या खोलीतच मशीन टाकलेलं, आणि त्याची नजर कमी झाल्यापासून सुया ओवून ठेवायचं काम ताईंचं. त्या संध्याकाळी पहिली सुई तीनदा हुकली. नवऱ्यानं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. लग्न मुरलं की माणसाला एवढं जमतं.

“एक विचारू?” ताई म्हणाल्या. “कोटाचं अस्तर उसवलं, तर दोष कापडाचा की शिवणाऱ्याचा, हे कसं ओळखायचं?”

“कुणाचा कोट?”

“कुणाचा नाही. सांगा ना.”

तो मशीनचं चाक हातानं थांबवून विचार करत बसला. “त्याच कापडाचा तुकडा दुसऱ्याला शिवायला द्यायचा,” तो म्हणाला. “त्याचंही उसवलं तर कापड. नाही उसवलं तर...” पुढचं त्यानं सोडून दिलं आणि ताईंच्या हातातली सुई काढून घेतली. “दे इकडे. मी बघतो.”

“राहू द्या. ओवते मी,” ताई म्हणाल्या, पण सुई त्याच्याकडेच राहिली.

शनिवारी प्रयोगशाळेत वर्दळ नसते. ताई आल्या तेव्हा चष्मेवाला एकटाच होता, आकडे जुळवत. पिंजऱ्यांच्या खोलीत दोनच उंदीर शिल्लक होते, एक साधा, एक औषधाचा. समितीनं काही विचारलं तर लागतील म्हणून मॅडमनी ते राखून ठेवले होते. त्यांना हात लावायचा नाही असं बजावलेलं.

“दोन्ही उंदीर घ्यायचे आहेत,” ताईंनी सांगितलं. “औषधाचा आधी.”

चष्मेवाल्यानं चष्मा वर सरकवला. “क्रम मोडायचा? तुम्ही?”

“हो.”

“आणि मॅडमना...”

“विचारलंय,” ताई म्हणाल्या.

नोकरीत त्या पहिल्यांदाच खोटं बोलत होत्या, आणि तेही इतकं सहज जमलं की त्यांनाच लाज वाटली. पण वेळ नव्हता. सोमवारी मॅडम ‘थांबवा’ म्हणाल्या असत्या आणि मग कुणीही काहीही सिद्ध करून उपयोग नव्हता.

औषधाचा उंदीर आधी झाला. ताईंची बोटं ताजी होती. टिपकागद, कात्री, हूक, सगळं नेहमीसारखं. पण त्यांना आपल्या हाताकडे असं बघायची सवय नव्हती. परक्या बाईच्या हातावर पाळत ठेवावी तशा त्या बघत होत्या. चार कड्या टांगल्या. द्रावणातून बुडबुडे वर चढत होते. टांगलेल्या कडीला तासभर विसावू द्यावं लागतं, आणि तो तास ताईंनी स्टुलावर बसून काढला. पाणी प्यायल्या नाहीत.

त्या तासात त्यांना स्वतःचंच कोडं उलगडेना. आपल्याला हवंय तरी काय? रेघ उतरली तर औषध चांगलं, मॅडमची वर्षं वाचली, आणि आपला हात संपला. नाही उतरली तर हात शाबूत, टेबल शाबूत, नाव शाबूत. आणि औषध कचऱ्यात. खरं सांगायचं तर एक क्षण त्यांना वाटलं की नको उतरू. अगदी स्पष्ट वाटलं. मग त्यांना स्वतःचाच राग आला.

आवळणारं औषध घातलं. चारही रेघा वर चढल्या आणि स्थिरावल्या.

“घाल दुसरं,” ताई म्हणाल्या. त्यांना स्वतःला घालवेना.

चष्मेवाल्यानं सैलावणारं औषध घातलं. रेघा होत्या तिथंच राहिल्या. बुडबुडे फुटत होते. मग पहिली रेघ ढळली. मग तिसरी. मग चारही जणी, कुणी घाईनं, कुणी रेंगाळत, खाली आल्या आणि खालीच राहिल्या.

“ताई!” चष्मेवाला उभाच राहिला. “औषधाच्या कड्या आहेत या. सैलावल्या. म्हणजे औषधानं अस्तराला काही... ताई, रडताय का?”

“नाही,” ताई म्हणाल्या आणि डोळे पुसले. “दुसरा उंदीर घ्यायचाय. अजून काहीच ठरलेलं नाही.”

खरंच ठरलेलं नव्हतं. एका सकाळच्या चार रेघा म्हणजे कित्येक दिवसांच्या ताठ रेघांपुढे काहीच नाही. समिती म्हणाली असती, हा उंदीर वेगळा असेल. आधीच्या दुपारी का बिघडल्या, हे दाखवल्याशिवाय औषध सुटत नव्हतं.

आणि इथंच त्यांना पळवाट दिसली. दुपारी जरा थांबायचं. हात गरम पाण्यात धरायचा, बोटं मोकळी करून घ्यायची, आणि साध्या कड्याही झकास लावायच्या. आधीचं सगळं द्रावणाच्या नाहीतर रसायनाच्या माथी मारायचं. मॅडमना आशा मिळेल, आपलं टेबल आपल्याकडे राहील, कुणाला ताकास तूर लागणार नाही. नळ समोरच होता. ताई उठून नळापर्यंत गेल्यासुद्धा. पाणी सोडलं. वाफ आली.

त्यांनी नळ बंद केला.

मुद्दाम वाईट करायचं नव्हतं. मुद्दाम जपायचंही नव्हतं. रोज दुपारी करतात तसंच करायचं, जीव ओतून. त्यासाठी आधी त्यांनी सकाळच्या नळ्या धुतल्या, कात्र्या पुसल्या, पुढच्या आठवड्याचे हूक वळवून ठेवले, रोज करत तेवढं सगळं. आणि रोजच्यासारखीच अंगठ्यापासून सुरुवात होऊन बोटं विझत गेली.

साध्या उंदराची रक्तवाहिनी त्यांनी काढली, सोलली, पण टिपली ती अर्धीच. उरलेला अर्धा भाग न टिपता चष्मेवाल्यापुढे सरकवला.

“या भागाच्या दोन कड्या तू कर. पहिल्यापासून. टिपण्यापासून.”

“मी? ताई, शेवटचा उंदीर आहे. माझा हात तुम्हाला माहितेय.”

“माहितेय म्हणूनच. ओढू नकोस. सोड.”

दोघं शेजारी शेजारी बसले. ताईंना चिमट्याचं टोक दिसत होतं, हूक दिसत होता, कडी दिसत होती. फक्त लागत काही नव्हतं. हूक कडीत गेला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं; किती जोरानं गेला हे सांगायला बोटं जागेवर नव्हती. आयुष्यात कधी केला नसेल इतका त्यांनी जिवाचा आटापिटा केला. शेजारी चष्मेवाला श्वास रोखून, जीभ दातांत धरून, शाळेतलं मूल चित्रात रंग भरतं तसा काम करत होता.

कड्या विसावत असतानाच दार उघडलं. मॅडम. सोमवारची तयारी करायला आल्या होत्या. त्यांनी नळ्या पाहिल्या, पिंजऱ्यांच्या खोलीचं उघडं दार पाहिलं.

“ते दोन उंदीर ठेवायला सांगितले होते.”

“मी घेतले,” ताई म्हणाल्या. “याला सांगितलं की तुम्हाला विचारलंय. खोटं सांगितलं. बसा, मॅडम. एवढं बघा, मग काय बोलायचं ते बोला.”

मॅडम बसल्या. सकाळच्या चार रेघा त्यांना दाखवल्यावर त्यांनी एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि हातातली पिशवी तशीच मांडीवर धरून ठेवली.

आवळणारं औषध. चार रेघा वर. दोन ताईंच्या, दोन चष्मेवाल्याच्या. मग सैलावणारं.

चष्मेवाल्याच्या दोन्ही रेघा उतरल्या. सावकाश, थोड्या अडखळत, पण तळापर्यंत. त्याला आनंद लपवता येईना. इतक्या वर्षांत त्याची रेघ पहिल्यांदा अशी आली होती. “ताई, बघा. बघा ना, माझी आहे ही,” तो म्हणाला, आणि मग त्याला दुसऱ्या दोन रेघा दिसल्या.

त्या वर होत्या. ताठ. शेवटाला किंचित आणखी चढलेल्या. उंदीर तोच, रक्तवाहिनी तीच, द्रावण तेच.

ताईंनी स्टूल मॅडमकडे वळवलं.

“साधा उंदीर आहे हा,” ताईंनी सांगितलं. “औषधाचा कण पोटात गेलेला नाही. तरी माझ्या कड्यांचं अस्तर गेलं. सकाळी औषधाच्या होत्या, त्यांचं राहिलं. औषधात काही नाही, मॅडम. दुपारी माझी बोटं मरतात.”

मॅडमनी मान हलवली, शुक्रवारी हलवली होती तशीच. “एखादा दिवस असतो, ताई. थकला असाल. दोन कड्यांवरून असं म्हणता येत नाही. तुमचा हात मी आज बघतेय का?”

ताईंच्या लक्षात आलं की आता भांडण या विश्वासाशीच आहे. वर्षानुवर्षं कमावलेला, आणि आज तोच आडवा येत होता. त्यांनी टेबलावरचा तारेचा एक सुटा हूक मॅडमपुढे ठेवला आणि उजवा हात पुढे केला, अंगठा आणि बोट जरासं उघडून.

“मी डोळे मिटते. हा माझ्या चिमटीत ठेवा. ठेवलात की लगेच सांगते.”

त्यांनी डोळे मिटले. बुडबुड्यांचा आवाज येत होता. मॅडमचं स्टूल करकरलं. चष्मेवाला कुठंतरी जवळच उभा होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. ताई वाट बघत राहिल्या. मॅडम विचार करत असतील, त्यांना वाटलं. नको म्हणत असतील.

“ठेवा ना, मॅडम.”

बुडबुडे फुटत राहिले.

“मॅडम? ठेवताय ना?”

त्यांनी डोळे उघडले. मॅडमचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. चष्मेवाला खिडकीकडे तोंड करून उभा होता. आणि हूक त्यांच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये होता, कधीचाच.

ताई त्या हुकाकडे बघत राहिल्या. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आली ती भीती. घरी जाऊन भाजी कशी चिरायची इथपासून उद्या सकाळी उठून कुठं जायचं इथपर्यंतची साधी, घरगुती भीती.

“सोमवारी मी वेळ मागून घेते,” मॅडम म्हणाल्या. “सांगते, मोजमापात चूक झाली. दुपारच्या सगळ्या कड्या बाद करू. नव्यानं करू. क्रम चिठ्ठ्या टाकून. तो मी आधीच बदलायला हवा होता.”

“मोजमाप नका म्हणू,” ताई म्हणाल्या. “रेघ एकदाही खोटं बोलली नाही. हात चुकला म्हणा. माझा.”

“ताई, तसं सांगायची गरज...”

“आहे. नाहीतर ते पुन्हा औषधावर संशय घेतील.”

मॅडमनी मान खाली घातली. या वेळी ती नकारार्थी हलली नाही.

ताईंनी चष्मेवाल्याला हाक मारली. तो आला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि चष्म्यावर वाफ धरली होती.

“आधी चष्मा पूस,” ताई म्हणाल्या. “आणि हात पुढे कर.”

त्यानं हात पुढे केला. ताईंनी चिमूट उघडली, आणि हूक त्याच्या तळहातावर पडला की नाही, हे वाकून डोळ्यांनी बघून घेतलं.